पास आहे, परवानगी नाही

(युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, एसटीत मूल पाच वर्षांचं झालं की त्याचं अर्धं तिकीट काढावं लागतं. बारा पूर्ण झाली की पूर्ण तिकीट. म्हणजे एसटीच्या हिशोबाने बारा वर्षांची मुलगी मोठ्या माणसाएवढीच प्रवासी असते. आपल्या मोहल्ल्यात हा हिशोब उलटा चालतो. आठ-नऊ वर्षांची पोरगी एकटी किराणा आणते, गिरणीवर दळण टाकून येते, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडते. तीच तेरा वर्षांची झाली की तिला एकटीला स्टँडवर पाठवायचं का, यावर घरात बैठक बसते. वय वाढतं तशी मुलांची मोकळीक वाढते आणि मुलींची कमी होते.

मी वाहक आहे, म्हणजे कंडक्टर. मराठवाड्यातल्या एका आगारात 19 वर्षं नोकरी झाली. मी काही मोठी वक्ता नाही. पण सकाळच्या शाळेच्या फेऱ्या मी खूप केल्या आहेत. रात्री गावात मुक्कामी राहिलेली गाडी पहाटे निघते, वाटेतल्या पाच-सहा गावांची मुलं घेते आणि तालुक्याला येते. त्या गाडीत मी जे पाहते त्यावरच बोलणार आहे. विषय साधा आहे. मुलांना, त्यातही मुलींना, एसटीने एकटं जाऊ द्यायचं की नाही?

पास तपासताना मी नावं वाचते. पाचवी ते सातवीच्या पासांवर आपल्या मुलींची नावं बऱ्यापैकी दिसतात. आठवी-नववीला ती कमी होतात. दहावीनंतर तर कधी कधी अख्ख्या गाडीत एखादीच. बाकीच्या नापास झालेल्या नसतात. त्यांच्यातल्या कित्येक हुशार असतात, मला तिकिटाचे सुट्टे पैसे तोंडी मोजून सांगायच्या. गावातली शाळा सातवीला किंवा आठवीला संपली आणि पुढची शाळा 12-14 किलोमीटरवर, एवढंच झालेलं असतं.

सच्चर समितीचा अहवाल 2006 साली आला. त्यात दोन गोष्टी होत्या, त्या तुम्ही लक्षात ठेवा. एक, 6 ते 14 वयाची 25 टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. दुसरी, मुस्लिम वस्त्यांमध्ये प्राथमिकच्या पुढच्या शाळा फार थोड्या आहेत. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. वस्तीत शाळा नसेल तर मुलाला वस्तीबाहेर जावंच लागणार. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी असं धरलं आहे. आठवीच्या पुढे हा कायदा संपतो. तिथून पुढे मुलीचं शिक्षण एसटीच्या वेळापत्रकावर आणि घरच्या परवानगीवर चालतं.

वेळापत्रकाची बाजू सरकारने काही प्रमाणात सांभाळली आहे, हे मान्य केलं पाहिजे. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली पाचवीपासून मोफत पास मिळतो, आता तो बारावीपर्यंत आहे. मानव विकासच्या निळ्या गाड्या तर मुलींना शाळेत ने-आण करण्यासाठीच आहेत. 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, त्यामुळे सोबत जाणाऱ्या आईचा किंवा आजीचा खर्चही कमी झाला. शाळेतून बोनाफाईड आणलं की पास निघतो, अलीकडे तर पास शाळेतच देण्याची मोहीम महामंडळाने घेतली आहे. म्हणजे पैशाचं कारण आता फारसं उरलेलं नाही. पास आहे, परवानगी नाही. अडचण आता तिथे आहे.

परवानगी का मिळत नाही? भीती वाटते म्हणून. त्या भीतीला मी हसणार नाही. मीही आई आहे. पण भीती कसली, हे एकदा नीट वेगळं करून पाहू.

पहिली भीती अपघाताची. ती खरी आहे. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं गेली. पण गंमत अशी की जे वडील मुलीला एसटीत बसू देत नाहीत, तेच तिला टमटममध्ये बसवतात. ओळखीचा ड्रायव्हर आहे म्हणून. त्या टमटममध्ये मागे सात, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना दोघं आणि दप्तरं बाहेर लटकलेली. मुलांना सगळ्यात जास्त धोका असतो तो रस्ता ओलांडताना आणि गाडीत चढता-उतरताना. थांब्यावर उतरल्यावर गाडीच्या पुढून पळत जाणारी मुलं पाहिली की आजही माझा जीव वर-खाली होतो. गाडी निघून जाऊ द्यायची, मग दोन्हीकडे बघून ओलांडायचं, हे दहा वेळा करून दाखवलं तर मूल शिकतं. मुलाला घरी ठेवून ते कधीच शिकत नाही.

दुसरी भीती अनोळखी माणसाची. इथे मला आकडे सांगायचे आहेत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये बाल अत्याचारांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून जास्त मुलांनी सांगितलं की त्यांच्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाला आहे. त्रास देणाऱ्यांत निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासाचे होते. आणि त्रास झालेल्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. हे ऐकून आपल्याकडे लोक गप्प होतात, म्हणून मी मुद्दाम परत सांगते, मुलगे. पुढे 2012 मध्ये पोक्सो कायदा आला. त्याखाली नोंदवलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो, दहापैकी नऊहून जास्त वेळा. हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. म्हणजे आपण स्टँडला घाबरतो आणि शेजारच्या खोलीकडे, ट्यूशनकडे, पाहुण्याकडे पाठ करून बसतो.

याचा अर्थ गाडीत काही होत नाही असं नाही. होतं. गर्दीचा फायदा घेणारी माणसं रोज भेटतात. एक प्रसंग सांगते, मुलीचं नाव आणि गाव सोडून.

आठवीतली मुलगी होती. गाडीत उभं राहायला जागा नव्हती. मी तिकिटं काढत मागे गेले, तर ती दांड्याला धरून उभी, चेहरा पांढरा पडलेला. मागे एक माणूस उभा होता, चाळिशीचा. मी दोघांच्या मध्ये शिरले, तिला पुढे नेऊन माझ्या सीटवर बसवलं आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर आवाज दिला. ड्रायव्हरला सांगून पुढच्या चौकात पोलिस दिसले तिथे गाडी थांबवली आणि त्याला उतरवलं. हे सगळं दहा मिनिटांत झालं. मुलगी रडत होती. मी म्हटलं, बेटा, अब्बांचा नंबर दे, मी बोलते. तर ती माझा हात धरून म्हणाली, "खाला, घरी नका सांगू. शाळा बंद करतील."

बघा, तिला त्या माणसाची भीती वाटत होती, पण घरची भीती त्याच्याहून मोठी होती.

तिच्या वडिलांना शेवटी कळलंच, गावात कळायचं राहत नाही. पुढच्या महिन्यात तिचा पास नवा झाला नाही. दिवाळीनंतर ती गाडीत दिसली नाही. त्याच गाडीत असाच त्रास झालेली दुसरी एक मुलगी होती. तिची दादी महिनाभर रोज तिच्यासोबत आली. डब्यात भाकरी बांधून शाळेच्या फाटकाबाहेर बसायची आणि संध्याकाळी तिला घेऊन परत जायची. महिन्याने दादी थांबली, मुलगी चालू राहिली. आज ती नर्सिंग करते. दोघींवर एकच प्रसंग आला. फरक घरातल्या मोठ्या माणसांनी काय केलं त्याचा होता.

म्हणून आज तुमच्याकडे मी जे मागणार आहे ते एकच आहे. घरातल्या प्रत्येक मुलीला आणि मुलाला हा शब्द द्या: बाहेर तुला काही झालं आणि तू आम्हाला सांगितलंस, तर सांगितलं म्हणून तुझी शाळा बंद होणार नाही. हा शब्द नसेल तर बाकीची सगळी काळजी वाया जाते. कारण मूल सांगतच नाही. आणि त्रास देणाऱ्याला ते माहीत असतं.

तिसरी भीती लोकांची. "पोरगी स्टँडवर दिसली." या एका वाक्याने किती मुलींचं शिक्षण संपलं असेल! स्टँडवर दिसली, म्हणजे कुठे दिसायला हवी होती? गाडी स्टँडवरूनच सुटते. मोबाईल घेऊन पोरगी बिघडेल, कुणाशी बोलेल, पळून जाईल, अशा गोष्टी कुजबुजत सांगितल्या जातात. त्याला माझं उत्तर असं आहे की ज्या घरात मुलगी मोकळेपणाने बोलते, त्या घरातल्या आई-बापाला गोष्टी आधी कळतात. कोंडून ठेवलेल्या घरात शेवटी कळतात.

चौथी भीती अलीकडची आहे आणि ती फक्त आपल्या मुलांच्या वाट्याला येते. नावावरून, टोपीवरून, बुरख्यावरून कुणी टोमणा मारेल, त्रास देईल, ही भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 2023 सालची गोष्ट तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. 30 मे रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची 59 मुलं सांगलीकडच्या मदरशांत शिकायला येत होती. भुसावळ आणि मनमाडला त्यांना उतरवून घेतलं, सोबतच्या पाच जणांवर मुलांच्या तस्करीचा गुन्हा दाखल झाला, मुलं बालगृहात राहिली. पुढे 2024 मध्ये पोलिसांनीच हा गैरसमज होता असं सांगून प्रकरण बंद केलं. तोवर त्या पाच माणसांनी तुरुंग पाहिला होता आणि मुलांनी बालगृह.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, संशय घेणाऱ्यांना आपण जाब विचारला पाहिजे आणि त्याच वेळी आपली कागदपत्रं चोख ठेवली पाहिजेत. शाळेचं ओळखपत्र, आधारची प्रत, लांबचा प्रवास असेल तर पालकांचं सहीचं पत्र आणि ज्याच्याकडे जायचं त्याचा नंबर. दुसरी गोष्ट आपण आपल्यालाच विचारायची. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला शिक्षणासाठी किंवा कामासाठी दीड हजार किलोमीटर पाठवताना आपलं मन घट्ट होतं, आणि तेरा वर्षांच्या मुलीला 12 किलोमीटरवरच्या शाळेत पाठवताना ते का होत नाही? गरिबी हे कारण असेल तर ते दोघांनाही लागू आहे. म्हणजे इथे अंतर मोजलंच जात नाही. मुलगा आहे की मुलगी, एवढंच पाहिलं जातं.

आता कुणीतरी महरमचा प्रश्न काढणार, म्हणून मीच काढते. मी आलिमा नाही. पण एवढं जाणकारांकडून समजून घेतलं आहे की फिकहमध्ये ही चर्चा सफरची आहे. हनफी मतात तीन दिवसांच्या वाटेचं अंतर धरतात, आजच्या हिशोबाने साधारण 77 किलोमीटर. तालुक्याच्या शाळेत जाऊन दुपारी घरी येणं यात बसत नाही. आणि बुखारीत अदी बिन हातिम यांची एक रिवायत आहे. रसूलुल्लाहांनी त्यांना सांगितलं होतं की असा काळ येईल, जेव्हा एक बाई हीराहून एकटी निघून काबापर्यंत जाईल आणि तिला अल्लाहशिवाय कुणाचीही भीती नसेल. मी यातून माझ्या साध्या अकलेने एवढंच घेते की बाई एकटी निर्धास्त फिरू शकते, ही चांगल्या समाजाची खूण सांगितली आहे. ती खूण आणणं आपलं काम आहे. बाईला घरात बसवून ती येत नाही.

ही भीती फक्त आपलीच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये 1971 साली सात-आठ वर्षांची 80 टक्के मुलं एकटी शाळेत जायची. 1990 साली पाहिलं तर फक्त 9 टक्के. अभ्यास करणाऱ्या मेयर हिलमन यांनी सांगितलं की रस्त्यांवर मुलांचे अपघात कमी झाले ते रस्ते चांगले झाले म्हणून नव्हे, मुलंच रस्त्यावरून उचलली गेली म्हणून. अमेरिकेत 2008 साली लेनोर स्कनेझी या पत्रकार बाईंनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने एकटं घरी येऊ दिलं आणि त्यावर लिहिलं. त्यांना लोकांनी अमेरिकेतली सगळ्यात वाईट आई ठरवलं. मुलगा मात्र खुशीत घरी पोहोचला होता.

जपानमध्ये पहिलीतली मुलं पिवळ्या टोप्या घालून शाळेत जातात, कित्येक जण रेल्वेने एकटी जातात. तिथली मुलं काही वेगळ्या मातीची नाहीत. तिथे वाटेवरच्या दुकानांवर आणि घरांवर एक पाटी असते. 110 हा तिथला पोलिसांचा नंबर. पाटीचा अर्थ असा की हे मुलांचं 110 आहे, अडचणीत असशील तर आत ये. मूल एकटं चाललेलं असतं, पण वाटेवरची माणसं त्याच्याकडे बघत असतात.

आपल्याकडे हे नाही का? आहे, फक्त पाटी नाही. थांब्यावरचा चहावाला, पंक्चरवाला, झेरॉक्सचं दुकान चालवणारी ताई, स्टँडवरचे कंट्रोलर साहेब, आणि आम्ही कंडक्टर. रोज येणाऱ्या मुलाचं नाव आम्हाला माहीत होतं. एखादी रोजची पोरगी थांब्यावर दिसली नाही तर आम्ही विचारतो, ती कुठे आहे? पण तुम्ही येऊन ओळख करून दिली तर आम्ही जास्त लक्ष ठेवू शकतो. आई-बापांनी एकदा येऊन सांगावं, ही माझी मुलगी, उद्यापासून या गाडीला येणार. एवढ्याने फरक पडतो.

आता कामाचं बोलते. मुलाला एकटं सोडणं म्हणजे एका सकाळी दारातून ढकलून देणं नव्हे. ते शिकवावं लागतं, जसं सायकल शिकवतो तसं.

वय किती हवं, असं मला नेहमी विचारतात. मी वयाचा आकडा सांगत नाही. मी विचारते, गाडीची पाटी त्याला वाचता येते का? आपल्या थांब्याचं नाव आणि घरातल्या दोघांचे नंबर तोंडपाठ आहेत का? रस्ता नीट ओलांडतो का? आणि मोठ्या माणसाला ठणकावून "नाही" म्हणता येतं का? चारही गोष्टींना हो असेल तर पाचवीतलं मूल गाडी न बदलता जाणारा थेट प्रवास करू शकतं. गाडी बदलायची असेल, अंधार पडल्यावर परत यायचं असेल, तर अजून थांबा.

पहिला आठवडा त्याच्यासोबत जा, पण तिकीट किंवा पास त्यालाच दाखवू द्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच गाडीत बसा, पण चार सीट मागे. तिसऱ्या आठवड्यात त्याला गाडीत बसवा आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं राहा. मग सोडा. शक्यतो एकाच गावची तीन-चार मुलं मिळून जाऊ द्या. पुढच्या भागात, बायकांसाठीच्या राखीव सीटजवळ किंवा कंडक्टरजवळ बसायला सांगा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात कागदावर नंबर लिहून ठेवा, मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे ठेवा. गाडी चुकली तर कुणाच्या मोटरसायकलवर बसायचं नाही, सरळ कंट्रोलरच्या खिडकीत जायचं आणि पुढची गाडी विचारायची. कुणी हात लावला, खेटून उभं राहिलं, तर लाजायचं नाही. जोरात म्हणायचं, "कंडक्टर, गाडी थांबवा!" आम्ही घंटी मारतो. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, 112 पोलिसांचा, रेल्वेत असाल तर 139. पाठ करून घ्या, पाढ्यांसारखे.

मुंबई-ठाण्याकडून आलेल्यांसाठी एक गोष्ट. रेल्वे कायद्याप्रमाणे बारा वर्षांखालचा मुलगा महिलांच्या डब्यातून जाऊ शकतो. लहान भावाला गर्दीच्या वेळी बहिणीसोबत त्याच डब्यात जाऊ द्या.

आणि मुलग्यांना दोन गोष्टी शिकवा. एक, तुलाही त्रास होऊ शकतो आणि तू सांगितलंस तर कुणी हसणार नाही. दुसरी, गाडीत मुलींच्या अंगावर पडायचं नाही, शिट्ट्या मारायच्या नाहीत, सीटवर बहिणीचं दप्तर ठेवून दादागिरी करायची नाही. मुलींच्या प्रवासाचा निम्मा प्रश्न मुलग्यांना शिकवून सुटतो.

तुम्ही इथे बसलेले बहुतेक जण अठरा ते पंचविशीतले आहात. तुम्हाला अजून मुलं नाहीत, पण धाकट्या बहिणी आहेत, भाच्या आहेत, शेजारच्या मुली आहेत. तुमचं काम मोठं आहे. तुम्ही शिकलेले आहात आणि घरात तुमचं ऐकतात. ज्या मुलीची शाळा आठवीला थांबणार आहे तिच्या घरी जा. अब्बांशी वाद घालू नका, म्हणा, पहिले पंधरा दिवस मी सोबत जातो. बऱ्याच घरांत एवढ्याने दार उघडतं.

दुसरं, गाडीच नसेल तर परवानगी मिळून काय उपयोग? शाळेच्या वेळेला फेरी नसेल तर मुख्याध्यापकांचं पत्र, मुलांची यादी आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांकडे जा. एकटे जाऊ नका, सगळ्या जातिधर्मांच्या पालकांना घेऊन जा, कारण गाडी सगळ्यांच्याच मुलांना लागते. अर्ज दिला की पोच घ्या, आणि पंधरा दिवसांनी परत जा. 2021 च्या ऑक्टोबरअखेरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप झाला तेव्हा आपण पाहिलं. संप बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. पण त्या पाच-साडेपाच महिन्यांत मुलगे कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून शाळेत पोहोचत होते. मुली घरी राहिल्या. गाडी सुरू झाली तेव्हा त्यातल्या काही परत आल्या. काहींचं लग्न ठरलं होतं.

आठवीच्या वर्गातून जी मुलगी घरी बसते, तिच्यासाठी पुढची दोन-तीन वर्षं फार धोक्याची असतात. शाळेत असेल तर लग्नाचा विषय पुढे ढकलता येतो. घरी असेल तर स्थळं यायला लागतात. म्हणून 12 किलोमीटरच्या प्रवासावर मी एवढं बोलते आहे. त्या प्रवासात तिचं दहावीचं प्रमाणपत्र आहे, लग्नाचं वय आहे, उद्या स्वतःच्या नावाची नोकरी आहे. आणि एक छोटी गोष्टही आहे. जी मुलगी रोज गाडीने जाते तिला पाटी वाचता येते, रांगेत उभं राहता येतं, हक्काची सीट मागता येते, सुट्टे पैसे परत मागता येतात. ती उद्या बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात कुणाचा हात धरून जाणार नाही.

धोका शून्य होईल असं मी तुम्हाला सांगत नाही. कुणीही सांगू शकत नाही. पण घरी बसवण्यातही धोका आहे, फक्त तो एका दिवसात दिसत नाही, म्हणून त्याला कुणी धोका म्हणत नाही.

भाषण संपवते. आज घरी गेल्यावर धाकट्या बहिणीजवळ बसा. तिला विचारा, गाडीत कसं असतं, कुणी त्रास देतं का? ती बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. संताप आला तरी तिच्यावर काढू नका. आणि शेवटी तिला सांगा, हे तू मला सांगितलंस ते चांगलं केलंस, उद्या सकाळी तू शाळेत जाणार आहेस.